कळा पाण्यात, बाळ बाहेर: खानापूर तालुक्यातल्या एका पहिलटकरणीचे प्रकरण

जांबोटीपलीकडे, कणकुंबीच्या बाजूचे गाव. पहिलटकरीण, वय २७, नोकरी पुण्यात, सासर चंदगड तालुक्यात. पहिले बाळंतपण माहेरी म्हणून सातव्या महिन्यानंतर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आली. तपासणीला आली तेव्हा ३३ आठवडे भरले होते. तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडचा हा पट्टा धो धो पावसात असतो ते दिवस. सोबत आई आणि मामी. फाइलमध्ये पुण्याचे सगळे रिपोर्ट, मोबाइलमध्ये टबमधल्या बाळंतपणांचे व्हिडिओ.

तिचा बेत ठरलेला होता. हवा भरायचा टब ऑनलाइन मागवायचा, माजघरात मांडायचा, विहिरीचे पाणी बंबात तापवून भरायचे आणि ओळखीच्या एका निवृत्त नर्सबाईंच्या देखरेखीत पाण्यातच बाळंत व्हायचे. आईचा जीव टांगणीला लागला होता. मामी मात्र म्हणत होती, "पोरीचं म्हणणं आधी नीट ऐकून तरी घ्या."

(हे एका घराचे वृत्त नाही. सीमाभागात वरचेवर दिसणारी परिस्थिती एका प्रकरणात जुळवून मांडली आहे. पाण्याचे, औषधांचे आणि वेळेचे आकडे मात्र प्रत्यक्ष वापरायचे आहेत.)

तिला नेमके काय हवे होते

मामीचे म्हणणे बरोबर होते. "वॉटर बर्थ धोक्याचा" एवढे सांगून वाटेला लावलेली बाई एक तर घाबरते, नाही तर कुणाला न सांगता घरी टब मांडते. म्हणून आधी कारणे विचारली. तीन निघाली. कळा सोसवतील का, ही पहिली धास्ती. पाठीत इंजेक्शन नको, ही दुसरी इच्छा. तिसरे कारण तिने सगळ्यात शेवटी सांगितले: मावसबहिणीला लेबर रूममध्ये एकटीला झोपवून ठेवले होते, ओरडली म्हणून बोलणीही बसली होती. तसे नको होते.

तिन्ही कारणे रास्त आहेत. पण त्यातल्या एकासाठीही बाळ पाण्याखाली जन्मायला लागत नाही. पाण्याचा फायदा असतो तो कळांच्या काळात, आणि एकटेपणावर उपाय सोबतीचे माणूस हाच. या प्रकरणातला सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे. व्हिडिओत कळा आणि जन्म सलग दिसतात, म्हणून पाण्यात बसणे आणि पाण्यात बाळंत होणे एकच वाटते. वैद्यकीयदृष्ट्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत.

कळांच्या काळात कोमट पाण्यात बसल्याने पाठीतल्या भुलीची गरज काहीशी कमी होते. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) १५ चाचण्यांतल्या ३,६६३ स्त्रियांच्या नोंदींवरून हे दिसले आणि बाळाला जास्तीचा अपाय आढळला नाही. अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये याच मुद्द्यावर रेघ ओढली: गुंतागुंत नसेल तर ३७ आठवडे पूर्ण ते ४१ आठवडे ६ दिवस या काळात कळांसाठी पाणी देता येईल, पण जन्म पाण्याबाहेर व्हावा. ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पूल’ (POOL) नावाच्या अभ्यासाने मात्र पाण्यातल्या जन्माचीही बाजू सावरली. तिथे निवडक, कमी जोखमीच्या स्त्रियांमध्ये योनिमार्गाची जागा मोठी फाटण्याचे किंवा बाळाच्या गंभीर त्रासाचे प्रमाण पाण्यात वाढलेले दिसले नाही. नाळ चिमटा लावण्याआधीच तुटण्याचे प्रकार मात्र पाण्यात जास्त होते. शंभरात एक, तर बाहेरच्या जन्मांत हजारात तीन.

हे निष्कर्ष माजघराला लावता येत नाहीत. त्या अभ्यासातल्या बायकांजवळ प्रशिक्षित मिडवाइफ होत्या, बाळाचे ठोके ऐकायची सोय पाण्यातही होती आणि मागे उभे रुग्णालय होते. त्यांना जे लाभले ते केवळ पाण्यामुळे नव्हते.

पाण्यात बसू द्यावे की नाही: चाळणी

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर टब विसरायचा: आधीचे सिझेरियन, जुळे, बाळ पायाळू किंवा आडवे, वाढ खुंटलेली, ३७ आठवड्यांच्या आत कळा, वाढलेला रक्तदाब, आकडी, ताप, अंगावरून रक्त जाणे, बाळाने पोटात शी केल्याने गर्भजल हिरवट होणे, कळा वाढवायची सलाइन चालू असणे. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल तरी नाही. गुंगी आणणारे दुखणे-कमीचे इंजेक्शन दिले असेल तर त्यानंतर दोन तास नाही, आणि गुंगी टिकली तर पुढेही नाही.

ही यादी तिने जवळजवळ पार केली. बाळ डोक्याकडून, वाढ ठीक, रक्तदाब ११०/७०. अडकले ते हिमोग्लोबिनवर: ९.८. देशात गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींना रक्तक्षय आहे (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२.२ टक्के), त्यामुळे घरच्यांना हा आकडा "चालण्याजोगा" वाटला. तो चालण्याजोगा नव्हता. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई जेवढा रक्तस्राव झेलते, तेवढ्यानेच ९ ची बाई कोलमडू शकते.

३३ व्या आठवड्यात फक्त गोळ्यांवर भिस्त ठेवली तर वेळ पुरत नाही. त्यात गोळीने मळमळते म्हणून ती एक दिवसाआड घेत होती. म्हणून शिरेतून लोह दिले: फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅम, सलाइनमध्ये मिसळून, रुग्णालयात, देताना आणि नंतर अर्धा तास नजरेखाली ठेवून. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.१ झाले. संपूर्ण प्रकरणात जोखीम सर्वांत जास्त कमी केली ती या एका सलाइनने.

आशाताईंकडे नोंद करून तायी कार्डही (कर्नाटकातले गरोदर आईचे नोंदणी कार्ड) घेतले. सासर महाराष्ट्रात, नोकरी पुण्यात आणि बाळंतपण कर्नाटकात असले की रक्तगट, एचआयव्ही, हिपॅटायटिस, सिफिलिस हे रिपोर्ट तीन ठिकाणी विखुरतात आणि ऐन कळांत परत रक्त काढायची पाळी येते. सगळ्यांच्या छायाप्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत, कार्डासोबत.

माजघरातल्या टबाचा हिशेब

बेत मोडीत काढण्यापेक्षा तो तिच्यासमोर कागदावर मांडला. मोठ्या माणसाला छातीपर्यंत पाण्यात बसायचे तर ५०० लिटर लागतात. पावसाळ्यात विहिरीचे पाणी २४ अंशांचे धरू आणि बंबातले ६० अंशांचे. मिश्रण ३७ अंशांचे हवे तर ५०० पैकी १८० लिटर पाणी कढत लागते. तिच्या घरचा तांब्याचा बंब २५ लिटरचा. म्हणजे आठ वेळा बंब पेटवायचा, तोही ओल्या लाकडांवर. २ किलोवॅटचा २५ लिटरचा गिझर लावला तर एका खेपेला ३१ मिनिटे, आणि सगळे मिळून चार तासांच्या जवळपास, मध्ये वीज गेली नाही तर. पाणी एका अंशाने उतरले की परत चढवायला ६० अंशांचे २१ लिटर ओतावे लागते, आणि तेवढेच आधी उपसावे लागते. ते ओतताना ती टबात बसलेली असेल तर भाजण्याची भीती खरी आहे. कढत पाणी टबात घालायचे ते बाई बाहेर असतानाच.

पाणी ३७.५ अंशांच्या वर जाता कामा नये. यात सवलत नाही. आईचे अंग तापले की बाळाचेही तापते, त्याचे ठोके वाढतात, त्याला लागणारा प्राणवायू वाढतो. हाताच्या कोपराने पाणी पाहून हा अर्ध्या अंशाचा फरक कळत नाही. थर्मामीटर पाण्यात लागतो, आणि दर तासाला पाण्याचे व आईचे तापमान लिहून ठेवावे लागते.

मग ती म्हणाली, टब दोन दिवस आधीच भरून गरम ठेवू. सगळ्यात घातक तेच आहे. लिजिओनेला हा जंतू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात फोफावतो. इंग्लंडमध्ये २०१४ साली आधीपासून भरून गरम ठेवलेल्या घरगुती टबात जन्मलेल्या बाळाला याची लागण झाली आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेने असे टब वापरू नका म्हणून सांगितले. अमेरिकेच्या ॲरिझोनात २०१६ मध्ये पाण्यात जन्मलेल्या दोन बाळांना हाच आजार झाला. म्हणजे आधी भरून ठेवायचा नाही, आणि ऐन वेळी भरायला चार तास. पहिलटकरणीच्या कळांत हे जुळेलही, न जुळेलही.

विहिरीचा प्रश्न वेगळाच. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम लागते. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,२६० लिटर होते, म्हणजे ७१ ग्रॅम पावडर. पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी विहिरीत सोडायचे आणि किमान तासभर थांबायचे. पण पावसाचे लाल पाणी विहिरीत उतरले की मातीच क्लोरीन खाऊन टाकते आणि हा हिशेब कोलमडतो. तपासणी न केलेल्या पाण्यात बाळंत होणे, तेही फाटलेल्या जागेसकट, आम्हाला कुठल्याच अंगाने पटत नाही.

माजघर जमिनीलगत असल्याने वजनाची चिंता नव्हती. माडीवर किंवा फ्लॅटमध्ये टब मांडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: ६० सेंटीमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला ६०० किलो भार टाकते, आणि राहत्या घराची जमीन साधारण २०० किलोच्या हिशेबाने बांधतात.

पाण्याखाली जन्म: कुठे चुकते

ठणठणीत बाळ पाण्याखाली लगेच श्वास का घेत नाही? त्याला नाळेतून प्राणवायू मिळत असतो, फुप्फुसात गर्भजल असते, आणि तोंडाला गार हवा लागलेली नसते. पण कळांमध्ये ज्याला प्राणवायू कमी पडला आहे, ते बाळ पाण्याखालीच धाप टाकते. कोणते बाळ तसे आहे हे ठोक्यांवरूनच कळते. म्हणून पहिल्या टप्प्यात दर १५ मिनिटांनी आणि जोर देण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, कळ ओसरल्याबरोबर पूर्ण एक मिनिट ठोके ऐकायचे. ११० ते १६० च्या बाहेर गेले किंवा कळेनंतर घसरलेले राहिले की पाण्याबाहेर. ठोके ऐकायचा साधा डॉप्लर पाण्यात चालत नाही. निवृत्त नर्सबाईंकडे होता तो साधाच.

बाळ आले की लगेच, पण हिसका न देता, तोंड पाण्याबाहेर. एकदा बाहेर आलेले तोंड परत पाण्यात जाऊ द्यायचे नाही, आणि जन्मताना आईने कंबर उचलून डोके हवेत आणले तर उरलेला जन्म हवेतच. नाळ आखूड असेल तर बाळाला छातीपर्यंत ओढताना ती ताणून तुटते, आणि पाण्यात ते चटकन दिसत नाही. दोन चिमटे हाताशी नसतील तर रक्त बाळाचेच जाते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते पाव लिटरच्या आसपास.

बाळाचा खांदा अडकला, तर आईला मिनिटभरात टबाबाहेर काढून पाठीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. आई घेरी येऊन पडली, तर डोके पाण्यावर धरायला एक आणि उचलायला निदान तीन माणसे लागतात. पाणी सोडून द्यायची वाट पाहायची नाही. पाण्यात ती हलकी असते, तेवढ्यात चादर खाली सरकवून काठावर घ्यायचे. घरात त्या वेळी कोण असणार होते? आई, मामी, साठी उलटलेल्या नर्सबाई. वडील आणि भाऊ ओसरीवर.

रक्त मोजायचे कशात

प्रकरण इथे सुटले. ५०० लिटर पाण्यात ५०० मिलिलिटर रक्त म्हणजे हजारात एक भाग. शंभर मिलिलिटरनेच टब लाल होतो, आणि मग पाचशे गेले की आठशे, हे कुणालाही सांगता येत नाही. भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहते. वार पडल्यावर पिशवी आकसली नाही तर हातात मिनिटेच असतात.

नजरेच्या अंदाजावर विसंबू नये हे ज्या संशोधनाने पक्के केले, त्यातले काही याच जिल्ह्यातले आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण भागात केलेल्या कामात खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी (ड्रेप) वापरली गेली. बाळ बाहेर आले, पाणी वाहून गेले की ती कंबरेखाली सरकवायची, फीत पोटाभोवती बांधायची, खालच्या निमुळत्या पिशवीत रक्त साठते आणि खुणेवर आकडा वाचायचा. त्यांच्या तुलनेत नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा ३३ टक्के कमी भरला. याच भागातल्या १,६२० बाळंतपणांचा मिसोप्रोस्टॉलचा (गर्भाशय आकसवणारे औषध) अभ्यास २००६ साली लॅन्सेटमध्ये आला. बाळ होताच ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या दिल्यावर अतिरक्तस्राव १२ वरून ६.४ टक्क्यांवर आला होता. खानापूरच्या माहेरवाशिणीने हे सोडून पाण्यात अंदाज बांधत बसावे, याला काही अर्थ नाही.

हे पिशवीचे चित्र कागदावर काढून दाखवले तेव्हा तिने स्वतःच विचारले, "मग कळांपुरतं पाणी मिळालं तर?"

ठरलेला बेत

बेंगळुरू आणि हैदराबादला मिडवाइफच्या देखरेखीत पाण्यात बाळंतपण करणारी खासगी केंद्रे आहेत. तिथे जायचे तर ३६ व्या आठवड्यापासून भाड्याने राहावे लागले असते, माहेर सुटले असते आणि खर्चही पेलला नसता. तो विचार लवकरच मागे पडला.

३८ व्या आठवड्यापासून तिने बेळगावात शहापूरला मामाकडे राहायचे ठरले. हा बेताचा कणा. पावसात जांबोटीकडून रात्री निघणे आणि शहरातून वीस मिनिटांत पोचणे यांची तुलनाच नको. रुग्णालयात टब नव्हता, पण लेबर रूमला लागून न्हाणीघर होते. तिथल्या सोयीचा हिशेब असा केला: छतावरचे सोलर पावसात थंडच. २५ लिटरच्या साठवणीच्या गिझरवर मिनिटाला ६ लिटरचा शॉवर धरला तर दहा-अकरा मिनिटांत गार पाणी येते. त्यापेक्षा ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर आणि हातातला शॉवर बरा. तो ३८ अंशांचे पाणी मिनिटाला ३ लिटर, वीज असेपर्यंत, सलग देतो. धार बारीक पडते, पण कंबरेवर आणि ओटीपोटावर धरायला तेवढी पुरते.

रबरी पायांचे प्लास्टिक स्टूल, त्यावर दुमडलेला टॉवेल. जमिनीवर रबरी मॅट. दाराला आतून कडी नाही. मामी सोबत, कारण सरकारी दवाखान्यांतही बाळंतपणाला सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ पासून मुभा दिली आहे. खासगी ठिकाणी आधी विचारून कागदावर नोंदवून घ्यावे. गर्भाशयाचे तोंड ५ सेंटीमीटर उघडण्याआधी पाणी नाही, कारण लवकर सुरुवात केली तर कळा मंदावू शकतात. जोर द्यावासा वाटू लागला की पाणी बंद आणि पलंगावर.

निघायची खूण: दर पाच मिनिटांनी कळ, मिनिटभर टिकणारी, असे तासभर. गर्भजल गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट न पाहता लगेच.

प्रत्यक्षात

३९ आठवडे ३ दिवसांवर रात्री कळा सुरू झाल्या. पोचली तेव्हा ४ सेंटीमीटर. दोन तास कॉरिडॉरमध्ये फेऱ्या, मधून मधून पेज. ६ सेंटीमीटरला न्हाणीघरात. स्टुलावर उलटी बसून, पाठीच्या आधारावर हात आणि हातांवर डोके, मामी कंबरेवर धार धरून. दर १५ मिनिटांनी सिस्टर बाळाचे ठोके ऐकत होत्या. शॉवर असल्याने पोट कोरडे करून साधाच डॉप्लर चालला. चाळीस मिनिटांनी वीज गेली. जनरेटर लेबर रूमपुरता होता, गिझरपुरता नव्हता. इथे बेतात फट राहिली होती. मग थर्मासमधले गरम पाणी बादलीत कोमट करून टॉवेल पिळून कंबरेवर ठेवले, वीज येईपर्यंत. पुढच्या वेळी कुणी असा बेत आखला तर जनरेटरवर काय काय चालते हे आधीच विचारावे.

एकूण दीड तास पाणी घेतले. पाठीतले इंजेक्शन तिने मागितले नाही. जोर येऊ लागल्यावर डाव्या कुशीवर, वरचा पाय मामीच्या हातात. मुलगी, २.९ किलो, लगेच रडली; पुसून आईच्या छातीवर, वरून कोरडे कापड. मिनिटभराच्या आत मांडीत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारे इंजेक्शन) १० युनिट. नाळ दोन मिनिटांनी बांधली. वार ९ मिनिटांत पडली. कंबरेखालच्या पिशवीत २६० मिलिलिटर. दुसऱ्या श्रेणीचे फाटले होते, टाके घातले. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि गर्भाशय घट्ट आहे का ते पाहणे.

तिसऱ्या दिवशी घरी, लोह व फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी १८० दिवस, सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन. जन्माची नोंद जिथे जन्म तिथेच होते, म्हणून दाखला बेळगावचा. २१ दिवसांच्या आत नोंद झाली. रुग्णालयाच्या अर्जावर आई-वडिलांची नावे आधार कार्डावरच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लिहून घेतली, कारण कन्नड दाखल्यावर आडनाव वेगळे उमटले की चंदगडच्या रेशन कार्डावर आणि पुढे शाळेत नाव घालताना दुरुस्तीसाठी परत बेळगावला यावे लागते.